हत्ती का ओरडत नाहीत

जून १९९२मध्ये जपानात सुपर फॅमिकॉमवर 'स्ट्रीट फायटर टू' आला, तेव्हा धालसिमच्या महालातले हत्ती मुके झाले होते. आर्केडच्या यंत्रावर हेच हत्ती ओरडत. घरच्या आवृत्तीत ते उभे राहिले, पण आवाज गेला. पिंपे फोडण्याची बोनस फेरीही गळली. जुन्या खेळांच्या शौकिनांना अशा याद्या तोंडपाठ असतात: कुठल्या आवृत्तीत काय सुटले, कुठे रंग उतरले, कुठे किंकाळी अर्धी कापली.

आम्हा भाषांतरकारांना असल्या याद्या परक्या नाहीत. मराठीत भाषांतराचे परीक्षण म्हणून जे छापून येते त्यातले पुष्कळसे याच जातीचे असते. अमुक पानावर झाडाचे नाव चुकले, तमुक ठिकाणी लांब वाक्य तोडून दोन केली, एक परिच्छेद वगळला, आणि शेवटी 'एकंदरीत भाषांतर ओघवते झाले आहे' असा आशीर्वाद. मोजदाद करू नये असे मी म्हणत नाही. पण काय मोजायचे हे ठरवण्याआधीच मोजायला बसण्याची आपली सवय जुनी आहे, आणि या एका खेळाच्या घरगुती आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या की ती सवय फार स्वच्छ दिसते. एकच मूळ, चारपाच वर्षांच्या आत अनेक भाषांतरे, प्रत्येकाची लक्ष्यभाषा वेगळी, आणि वाचक असा की त्याला फसवता येत नाही, कारण तो हाताने वाचतो.

आधी मूळ संहिता. कॅपकॉमने १९९१मध्ये हा खेळ आपल्या 'सीपी सिस्टिम' नावाच्या बोर्डवर काढला. आत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, वेग १० मेगाहर्ट्झ, चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचे. आराखडा अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांचा, बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचे. खेळणाऱ्यासमोर एक जॉयस्टिक आणि सहा बटने: वरच्या ओळीत तीन ठोसे, खालच्या ओळीत तीन लाथा, दोन्हींत हलका, मध्यम, जड. आठ योद्ध्यांतून एक निवडायचा, आणि पुढे चार असे की जे पहिल्या आवृत्तीत निवडताच येत नाहीत.

एवढ्याने मूळ सांगून झाले असे वाटेल, पण हा फक्त शब्दसंग्रह झाला. चित्र सेकंदाला जवळजवळ साठ वेळा बदलते, आणि प्रत्येक हालचालीची लांबी या साठाव्या हिश्शांत ठरलेली आहे. ठोसा निघायला काही, लागण्यासाठी काही, हात मागे घ्यायला काही. हलका ठोसा चटकन निघून चटकन परततो. जड ठोसा निघतो उशिरा आणि चुकला तर माणूस उघडा पडतो. समोरचा बसलेला असतो त्याच उघड्या क्षणाची वाट बघत. चेहरे, महाल, हत्ती हे सगळे या मापावर चढवलेले आहे. माप काढून घेतले तर दोन चित्रे एकमेकांवर हात उगारत राहतील, एवढेच.

यातला सर्वांत प्रसिद्ध भाग तर लेखकाने लिहिलेलाच नव्हता. गाडी फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी चालू असताना नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आले की एक प्रहार पुरा व्हायच्या आत दुसरा घुसवता येतो. इतके नेमके कोणाला जमणार, म्हणून ते तसेच राहू दिले. त्याचाच पुढे 'कॉम्बो' झाला, आणि आज कुठलाही मारामारीचा खेळ त्याच्याशिवाय उभा राहत नाही. म्हणजे घरगुती यंत्रावर हा खेळ आणणाऱ्याला लेखकाची नजरचूकही भाषांतरित करायची होती. छापील संहितेत मी मुद्रणदोष दुरुस्त करते. इथे जो दुरुस्त करील त्याने खेळ मारला.

आता सुपर फॅमिकॉमकडे वळू. १६ मेगाबिटचे कार्ट्रिज, म्हणजे सगळे मिळून दोन मेगाबाइट. चित्राची रुंदी २५६ ठिपके, मूळच्या दोन तृतीयांश. प्रोसेसर वेगळ्या कुळातला आणि आकड्यांत बराच सावकाश. संगीताची चिपही वेगळ्या विचाराची: मूळ यंत्र एफएम पद्धतीने सूर तयार करते, हे यंत्र मुद्रित नमुने वाजवते, त्यामुळे शिमोमुरांच्या चाली इथे दुसऱ्या वाद्यमेळावर बसवलेल्या ऐकू येतात. माणसे लहान करून पुन्हा काढली आहेत. मोजणाऱ्याने मोजत सुटावे अशी परिस्थिती.

आणि तरी हे त्या काळचे सर्वोत्तम भाषांतर आहे असे माझे मत आहे. कॅपकॉमने स्वतःच ते केले, आणि कात्री चालवताना काळाला हात लावला नाही. जड लाथ जितकी उशिरा यायची तितकीच उशिरा येते. कॉम्बो लागतो. मूळ आर्केडमध्ये दोघांना एकच योद्धा घेता येत नसे. या आवृत्तीत सुरुवातीला कॅपकॉमचे नाव झळकते त्या क्षणात ठराविक क्रमाने बटने दाबली की तेही करता येते. भाषांतरकाराने तळटीप इतकी लपवून घातल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

नशिबाचाही वाटा होता. सुपर फॅमिकॉम नोव्हेंबर १९९०मध्ये बाजारात आले, 'स्ट्रीट फायटर टू'च्या आधी, पण त्याच्या पॅडवर चार बटने अंगठ्याखाली आणि दोन खांद्यांवर अशी बरोबर सहा होती. मूळच्या दोन सरळ ओळी मात्र राहिल्या नाहीत. हलके आणि मध्यम प्रहार अंगठ्याकडे राहिले, जड ठोसा डाव्या तर्जनीकडे आणि जड लाथ उजव्या तर्जनीकडे गेली. आर्केडमध्ये डावा हात फक्त दांडा धरतो, मारतो तो उजवा. इथे डाव्या हातालाही ठोसा मारावा लागतो. शब्द तेच, क्रियापद मात्र वाक्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. इंग्रजीतून मराठीत येताना रोज होते तसेच.

डाव्या हाताची गोष्ट इथेच संपत नाही. आर्केडचा दांडा मनगटाने फिरतो, घरचा क्रॉस अंगठ्याने दाबायचा. गाइलचा वार काढायला मागची दिशा धरून ठेवायची आणि मग एकदम पुढे जायचे. हे अंगठ्याला सोपे, कदाचित दांड्यापेक्षाही सोपे. झांगिएफची मोठी पकड मात्र पूर्ण वर्तुळ मागते. मनगटाला ते एका झटक्यात जमते, अंगठ्याची सालटी निघतात. कार्ट्रिजमध्ये दोघांपैकी कोणाच्याही आकड्यांना धक्का लागलेला नाही, तरी घरोघर गाइल वरचढ झाला आणि झांगिएफ मागे पडला. गळतीच्या यादीत हे कधी सापडत नाही, कारण गळले काहीच नाही. संहिता तीच राहून वाचकाचे शरीर बदलले.

मराठीत 'मेघदूता'ची किती भाषांतरे झाली! चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शान्ता शेळके, ही नावे चटकन आठवणारी. काहींनी मंदाक्रान्ता सांभाळली, काहींनी सोडली. मंदाक्रान्तेत सतरा अक्षरे, चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर थांबा. तो थांबा म्हणजेच यक्षाचा श्वास आहे असे मानणारा वाचक वृत्त सुटले की अस्वस्थ होतो. दुसरा म्हणतो, मराठी कानाला हा थांबा लांबतो, त्याला आपल्या चालीचे काहीतरी द्या. दोघांचे भांडण मला कळते, पण कागदावर ते मिटत नाही, कारण वृत्त मोडले तरी पान उलटता येते. खेळात वृत्त मोडले की तुम्ही मार खाता.

मेगा ड्राइव्हची गोष्ट अधिक बोलकी आहे, आणि इथे मला थोडे स्वतःचे सांगावे लागेल. इंदूरला आमच्या घरी मस्कतहून मामाने आणलेला मेगा ड्राइव्ह होता. पार्लरमध्ये जाणे मुलांचे काम, मला तिथे मज्जाव. त्यामुळे माझे 'मूळ' म्हणजे हीच आवृत्ती, आम्ही 'कॅसेट' म्हणायचो ती. सेगाच्या यंत्रावर हा खेळ १९९३च्या शरदात आला, नाव 'स्पेशल चॅम्पियन एडिशन', २४ मेगाबिट, म्हणजे सुपर फॅमिकॉमच्या पहिल्या कार्ट्रिजच्या दीडपट. आणि यंत्राच्या पोटात प्रोसेसर कुठला, तर तोच ६८०००, आर्केडमधला, फक्त वेग थोडा कमी. संगीताची चिपही एफएम कुळातलीच. दूरची परकी भाषा ही नव्हे, सख्खी बहीण.

बहुभाषिक वाचकांना पुढचे सांगायला नको. हिंदीतून मराठीत आणताना जेवढे घसरायला होते तेवढे रशियनमधून होत नाही. हिंदीतली 'शिक्षा' शाळेत मिळते, मराठीतली शाळेत मिळाली तर पालक तक्रार करतात. तिकडच्या राजीनाम्यात दोन्ही पक्ष राजी असतात, इकडच्यात एकाने खुर्ची सोडलेली असते. जवळच्या भाषेत आपण दार न ठोठावता आत शिरतो. मेगा ड्राइव्हच्या आवृत्तीत प्रोसेसर ओळखीचा, सूर ओळखीचे, आणि माणसांचे आवाज मात्र घसा बसल्यासारखे. प्रत्येक हाक खरखरीत पत्र्यातून आल्यासारखी. कित्येक वर्षे सगळ्यांनी धरून चालले की सेगाच्या यंत्राला यापेक्षा चांगले बोलताच येत नाही. मग बऱ्याच वर्षांनी एका हौशी प्रोग्रॅमरने आवाज वाजवणारा तेवढाच भाग नव्याने लिहिला, आणि त्याच यंत्रावर, त्याच खेळात, स्वच्छ हाका ऐकू आल्या. 'मराठीत हे येतच नाही' असे म्हणण्याआधी मी आता ती खरखर आठवते. भाषेची मर्यादा म्हणून आपण जे सांगतो त्यात आपल्या घाईचा वाटा किती, हे तपासायला सहसा दुसरा कोणी येत नाही. इथे आला.

दुसरी अडचण बटनांची. मेगा ड्राइव्हच्या मूळ पॅडवर तीनच बटने. सेगाने या सुमारास सहा बटनांचा पॅड आणला, पण आमच्याकडे होते ते तीन बटनांचेच 'रिमोट'. त्यात स्टार्ट दाबला की तिन्ही बटने ठोशांची लाथा होतात, पुन्हा दाबला की ठोसे. म्हणजे प्रत्येक वाक्याआधी एकदा सांगायचे: आता मी कर्तरी बोलणार, आता कर्मणी. मी इमानाने धालसिम घ्यायचे. कवट्यांची माळ घातलेला, आग ओकणारा, हातपाय लांबवणारा योगी. जपानी चित्रकाराच्या डोक्यातला भारत, तरी यादीत भारताच्या झेंड्याखाली तो एकटाच होता ना! पण त्याची सगळी कला कुठल्या बटनाने हात किती लांब आणि कुठल्या उंचीवर जाईल यात आहे. स्टार्ट दाबेपर्यंत समोरचा येऊन भिडलेला असे. आमच्या टीव्हीवर चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या आणि सगळे जरा जडच चालायचे. साठऐवजी पन्नास हर्ट्झच्या प्रदेशांसाठीच्या यंत्रांचा हा शाप, वेगाचा सहावा हिस्सा तिथेच गेला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे एकदा मामेभावाच्या मागे लागून पार्लरमध्ये डोकावले, तेव्हा मला आर्केडचा वेग चुकीचा वाटला होता. इतकी घाई कसली, असे.

ज्याने दस्तयेव्हस्की फक्त मराठीत वाचला आहे त्याच्या वाचनाला खोटे म्हणायचे का, हा प्रश्न मला एम. ए.च्या वर्गात सैद्धांतिक वाटला नाही, तो यामुळे.

पीसी इंजिन हे यंत्र आपल्याकडे कोणी पाहिले असण्याची शक्यता कमी. प्रोसेसर आठ बिटांचा, पॅडवर दोन बटने, आणि खेळ जाडसर पत्त्यासारख्या 'ह्युकार्ड'वर. जून १९९३मध्ये जपानात 'चॅम्पियन एडिशन'ची आवृत्ती याच कार्डावर आली, २० मेगाबिटची, त्या यंत्रासाठी निघालेले सर्वांत मोठे ह्युकार्ड. कागदावर सर्वांत दुबळी भाषा, आणि अनुवाद सर्वांत तपशीलवार: पिंपे परत आली, हत्ती ओरडू लागले. मोजणाऱ्यांची ही लाडकी आवृत्ती, आणि कौतुक योग्य आहे. पण तिच्यासाठी सहा बटनांचा 'अॅव्हेन्यू पॅड सिक्स' वेगळा काढावा लागला. पुस्तकासोबत कोशही विकत घ्या, असे. अशी पुस्तके मी घेते. सगळ्यांनी घ्यावीत असा आग्रह मात्र मला धरवत नाही.

शब्दांचे भाषांतर या खेळात थोडकेच आहे, पण जेवढे आहे तेवढ्याने दंतकथा निर्माण केली. रियू जिंकल्यावर जपानीत सांगतो की माझा शोर्यूकेन भेदल्याशिवाय तुला आशा नाही. शोर्यूकेन म्हणजे त्याचा उसळता ठोसा. त्यातली 'उसळणारा ड्रॅगन' ही दोन अक्षरे आर्केडच्या इंग्रजी आवृत्तीत चिनी उच्चाराने वाचली गेली, 'शेंग लाँग', आणि डावाचा माणूस झाला. आता वाक्याचा अर्थ असा, की तुला आधी शेंग लाँगला हरवावे लागेल. कोण हा शेंग लाँग? नाणी टाकणाऱ्या पोरांनी त्याला शोधायला सुरुवात केली. एप्रिल १९९२मध्ये 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकी मासिकाने एप्रिल फूल म्हणून त्याला गाठण्याची युक्तीही छापली, आणि ती खरी मानली गेली. घरच्या आवृत्तीत ही चूक सुधारली. तिथे रियू आपल्या ड्रॅगन-ठोशाबद्दलच बोलतो. म्हणजे या एका वाक्यापुरते सुपर फॅमिकॉमचे अमेरिकी भावंड इंग्रजी आर्केडपेक्षा जपानीला जवळचे आहे. मग मूळ कुठले धरायचे?

नावांचेही तेच. जपानीत मुष्टियोद्धा एम. बायसन, पंजेवाला स्पॅनिश बॅलरॉग आणि अखेरचा हुकूमशहा वेगा. मुष्टियोद्धा माइक टायसनशी फारच मिळताजुळता, खटल्याची भीती. म्हणून बाहेरच्या आवृत्त्यांत तिन्ही नावे गोल फिरवली. धालसिमच्या बायकोचे नाव इंग्रजीत 'सॅली'. जपानी लिपीत सॅली आणि साडी एकाच तऱ्हेने लिहितात, आणि त्या लिपीतून तिला परत आणणाऱ्याने कोणाला आणले याबद्दल मला अजून शंका आहे. मुलाचे नाव मात्र दत्ता. ते कोणी बदलले नाही.

सर्वांत वाईट भाषांतरे संगणकांवर झाली, कमोडोर आणि स्पेक्ट्रमवर, जिथे बहुतेकांच्या जॉयस्टिकला एकच बटन असे. सहा प्रहार एका बटनात आणि दिशांत कोंबायचे. त्यांच्यावर जास्त लिहिण्यासारखे नाही. १९९५ची गेम बॉयची आवृत्ती मात्र मला आवडते. दोनच बटने, म्हणून जोर ठरतो तो बटन किती वेळ दाबून धरले यावरून. तिला ठाऊक आहे की आपण रूपांतर आहोत. फक्त तिने होंडा, वेगा आणि धालसिमला घरी ठेवले. १९९७मध्ये ब्राझीलमध्ये टेक टॉय कंपनीने जुन्या मास्टर सिस्टिमसाठी आवृत्ती काढली. त्यात बारांपैकी आठच योद्धे, आणि धालसिम तिथेही नाही. ब्लांका आहे. तो ब्राझीलचा, त्याला कोण वगळणार! लांबणारे हातपाय साठवायला जागा लागते हे उघड आहे. तरी संक्षेप करायची वेळ आली की कोणाचा देश आधी जातो, हे दोन वेगवेगळ्या संक्षेपांत सारखेच निघावे याची नोंद मी करून ठेवली आहे.

२००८मध्ये 'एचडी रीमिक्स' आला. 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'ची सगळी चित्रे नव्याने, बारीक रेघांनी काढलेली. पण आतले माप जुनेच, म्हणून चित्रांची संख्याही जुनीच ठेवावी लागली. जाड ठिपक्यांत जी उडी सलग भासायची ती स्वच्छ रेघेत अडखळते. जुन्या ओवीला आजच्या प्रमाणभाषेचे शब्द घातल्यासारखे काहीसे. शिवाय काही वार काढायला सोपे केले, ताकदीचे हिशेब बदलले. ते मला गैर वाटत नाही, कारण तसे सांगून केले.

आणि आता भाषांतराची गरजच संपली असे म्हणतात. २०१८च्या 'थर्टीएथ अॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये मूळ आर्केडचा प्रोग्रॅमच नव्या यंत्रावर जसाच्या तसा चालतो. ठिपका न् ठिपका जागेवर. मोजणाऱ्यांची वही मिटली. गेल्या दिवाळीत भाच्याने मोठ्या टीव्हीवर तो लावून दिला, आणि मला शोर्यूकेन निघेना. एकदाही नाही. वय झाले असे मी म्हणणार, एवढ्यात त्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला. चित्र सुंदर करून दाखवण्यासाठी टीव्ही ते थोडे थांबवून ठेवतो, प्रत्येक ठिपका अचूक पण काही साठांश उशिरा. मूळ संहिता पूर्ण, शब्दशः, आणि वृत्त मोडलेले. ते बदलल्यावर तिसऱ्या खेपेला निघाला.

मग मी धालसिम घेतला. हत्ती ओरडले, बऱ्यापैकी मोठ्याने. भाच्याने विचारले, हे तुझ्या वेळेला पण असेच ओरडायचे का गं मावशी? मी उत्तर देईपर्यंत त्याचा गाइल मागची दिशा धरून बसला होता.